एक आवाज, अनेक केंद्रे : रेडिओच्या जाळ्याची कहाणी



नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याच्या लासलगावचे नाव घेतले की प्रथम कांदा आठवतो. तेथील कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९४७ साली झाली. तेथे होणाऱ्या लिलावांकडे देशभरातील कांद्याच्या व्यापाऱ्यांचे लक्ष असते. आता अशी कल्पना करा, की लासलगावपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका खेड्यात शेतकऱ्याचा कांदा चाळीत भरून ठेवलेला आहे. उद्या पहाटे गाडी जोडायची की आणखी आठवडाभर थांबायचे, हे त्याला आज रात्री ठरवायचे आहे. बाजारातला भाव व्यापाऱ्याला तारेने तासाभरात कळला आणि शेतकऱ्याला तो चार दिवसांनी कळला, तर तोटा कोणाचा होईल?

उत्तर सोपे आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. बातमी नुसती खरी असून भागत नाही, ती सर्वांना एकाच वेळी कळावी लागते. शहरातल्या श्रीमंताला आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला एकच गोष्ट एकाच क्षणी सांगण्याचे काम इतिहासात प्रथम रेडिओने केले. पण हे काम एकटेदुकटे केंद्र करू शकत नाही. त्यासाठी केंद्रांचे जाळे लागते. हे जाळे कसे विणले गेले, त्यात विज्ञान कोणते आणि त्यात कोणती उणीव राहिली, हे या पाठात पाहू या.

एका केंद्राची धाव किती?

आपल्या देशातले पहिले नियमित व्यापारी रेडिओ केंद्र मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खाजगी कंपनीचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने कलकत्त्याला दुसरे केंद्र उघडले. दोन्ही प्रक्षेपकांची शक्ती प्रत्येकी दीड किलोवॉट होती आणि कार्यक्रम चांगला ऐकू येण्याचा पल्ला सुमारे ४८ किलोमीटर होता.

मुंबईपासून लासलगाव सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर दूर आहे. म्हणजे हा पल्ला जवळजवळ चौपट व्हायला हवा होता. मग प्रक्षेपकाची शक्ती चौपट केली असती तर? तेवढ्याने भागले नसते. रेडिओ लहरीचा जोर अंतराच्या प्रमाणात कमी होतो आणि शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. अंतर चौपट झाले आणि जोर तेवढाच राखायचा असला, तर शक्ती ४ × ४ = १६ पट करावी लागते. दीड किलोवॉटची सोळापट म्हणजे २४ किलोवॉट. हाही हिशेब जमीन लहरीचा काहीच अंश शोषून घेत नाही असे धरून केला. प्रत्यक्षात जमिनीलगत जाणाऱ्या लहरीतील ऊर्जा जमीन सतत शोषत असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून ही लहर लांबवर जाते, पण सह्याद्रीच्या कोरड्या कातळावरून जाताना ती लवकर दुबळी होते. म्हणून खरा आकडा २४ किलोवॉटच्या बराच पुढे जातो.

या आकड्यांचा परिणाम पैशावर झाला. त्या काळी रेडिओ बाळगणाऱ्याला वर्षाला १० रुपये परवाना शुल्क भरावे लागे आणि कंपनीचे उत्पन्न मुख्यतः त्यावरच अवलंबून होते. पल्ला लहान, म्हणून श्रोते थोडे. श्रोते थोडे, म्हणून पैसा थोडा. पैसा थोडा, म्हणून नवे प्रक्षेपक नाहीत. या फेऱ्यात सापडून कंपनी १९३० साली बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून प्रक्षेपण सरकारने हाती घेतले. त्या सरकारी सेवेला ८ जून १९३६ रोजी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. आज आपण तिला आकाशवाणी म्हणतो.

दिवसा एक, रात्री दुसरे

तुमच्या घरातील वडील माणसांना विचारा. रात्री रेडिओवर दूरदूरची केंद्रे लागत, पण दिवसा त्यांचा पत्ता नसे, असे ते सांगतील. याचे कारण आकाशात आहे.

प्रक्षेपकापासून निघालेल्या मध्यम लहरी दोन वाटांनी जातात. एक वाट जमिनीलगतची. तिला भूलहर म्हणू. दुसरी वाट आकाशाकडे जाते. तिला आकाशलहर म्हणू. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यकिरणांमुळे हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित थर तयार होतात. या भागाला आयनांबर म्हणतात. त्यातील सर्वांत खालचा थर साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असतो. दिवसा हा थर मध्यम लहरी शोषून टाकतो, त्यामुळे आकाशलहर परत येत नाही. सूर्य मावळला की तो थर जवळजवळ नाहीसा होतो. मग आकाशलहर १०० किलोमीटर आणि त्याहून उंच असलेल्या थरांपर्यंत पोचते, तेथून परतते आणि शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर उतरते.

मग रात्री तरी प्रश्न सुटला का? नाही. लासलगावसारख्या ठिकाणी रात्री भूलहर थोडी पोचते आणि आकाशलहरही पोचते. दोघींची वाट वेगवेगळ्या लांबीची असते. एका लहरीचे शिखर दुसरीच्या शिखरावर पडले तर आवाज वाढतो, शिखर दरीत पडले तर आवाज बुडतो. आयनांबर स्थिर नसल्याने हा खेळ क्षणोक्षणी बदलतो. गाणे चांगले चालले असताना मध्येच विरून जाते आणि पुन्हा वर येते, ते यामुळे. शिवाय रात्री दूरची दोन केंद्रे एकमेकांत मिसळतात.

सारांश, एकच बलाढ्य केंद्र उभारून देशभर रात्रंदिवस भरवशाने ऐकवता येत नाही. गावाजवळ केंद्र हवे. पण प्रत्येक केंद्राला आपापले गायक, वृत्तनिवेदक आणि नाटकमंडळी पोसणे परवडणार कसे? यावर उपाय एकच. आवाज एका ठिकाणी निर्माण करायचा आणि तो अनेक केंद्रांपर्यंत नेऊन तेथून एकदमच सोडायचा.

अमेरिकेतील तारांचे जाळे

हा उपाय प्रथम मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत अमलात आला. तेथे १९२० नंतर दोन-तीन वर्षांतच गावोगावी शेकडो खाजगी केंद्रे निघाली होती. त्यांना जोडायला लागणाऱ्या ताराही तयार होत्या. त्या म्हणजे टेलिफोनच्या तारा. ४ जानेवारी १९२३ रोजी न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथील दोन केंद्रे टेलिफोन तारेने जोडून एकच कार्यक्रम दोन्हीकडून ऐकवण्यात आला.

हे वाटते तितके सोपे नव्हते. तारेतून जाताना विद्युत्‌संकेत दर किलोमीटरला दुबळा होतो, म्हणून ठरावीक अंतरावर निर्वात नळ्यांचे वर्धक बसवावे लागले. साधी टेलिफोनची तार बोलणे समजण्यापुरती पुरते. सतारीचा किंवा व्हायोलिनचा नाद तिच्यातून नेला तर त्याचे तीव्र सूर गळून पडतात. म्हणून संगीतासाठी खास तारा राखाव्या लागल्या.

पुढे १५ नोव्हेंबर १९२६ रोजी 'नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनी'ने सुमारे २५ केंद्रांचे जाळे सुरू केले. १९२७ मध्ये 'कोलंबिया' हे दुसरे जाळे आले. १९३४ मध्ये 'म्युच्युअल' हे आणखी एक जाळे निघाले. 'नॅशनल'ची स्वतःची 'लाल' आणि 'निळे' अशी दोन जाळी होती. एकाच कंपनीच्या हाती एवढी सत्ता नको असे सरकारने ठरवल्यामुळे तिला 'निळे' जाळे १९४३ मध्ये विकावे लागले.

या जाळ्यांचा खर्च जाहिरातदार देत. साबण, सिगारेट आणि टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्या नाटके व गाण्यांचे कार्यक्रम चालवत. श्रोत्याला शुल्क पडत नसे, पण कोणता कार्यक्रम टिकायचा हे मुख्यतः जाहिरातदार ठरवत असे.

आणखी एक गंमत पाहा. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे ८ वाजलेले असतात तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सायंकाळचे ५ वाजलेले असतात. त्यामुळे तेथील श्रोत्यांसाठी पुष्कळ कार्यक्रम कलाकारांना तीन तासांनी पुन्हा सादर करावे लागत. संबंध देशात एकच घड्याळ असण्याचा फायदा यावरून कळतो.

आपल्याकडचे सहक्षेपण

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतात आकाशवाणीची फक्त सहा केंद्रे होती. महाराष्ट्रात मुंबईनंतर नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. लासलगावपासून पुणे सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटर आहे.

आपली केंद्रे दूरदूर होती आणि त्यांना जोडणाऱ्या चांगल्या तारा थोड्या होत्या. म्हणून जाळे विणण्यासाठी लघुलहरींचा आधार घेतला गेला. दिल्लीहून बातम्या लघुलहरींवर सोडल्या जात. या लहरी आयनांबरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. प्रत्येक केंद्राजवळ, शहराच्या गोंगाटापासून दूर, एक ग्रहणस्थान असे. तेथील उंच एरियल आणि चांगल्या ग्राही यंत्रांनी दिल्लीचा आवाज पकडला जाई. तो केंद्राकडे पाठवला की त्याच क्षणी केंद्र तो आपल्या मध्यम लहरींवरून पुन्हा सोडत असे. यालाच सहक्षेपण म्हणतात. दिल्लीच्या मराठी बातम्या कित्येक वर्षे महाराष्ट्रातील केंद्रांवरून अशाच सहक्षेपित होत. बातम्यांच्या वेळी येणारी खरखर पुष्कळदा तुमच्या घरच्या रेडिओची नसे. ती दिल्ली ते ग्रहणस्थान या वाटेवर आधीच मिसळलेली असे.

विविध भारती ही मनोरंजनाची सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. अमेरिकेसारख्या जाहिराती आपल्याकडे पुष्कळ उशिरा आल्या. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विविध भारतीवर त्या प्रथम सुरू झाल्या. परवाना शुल्क १९८५ मध्ये संपूर्ण रद्द झाले.

लहरींची वाटणी

निवेदकाच्या तोंडून "५३७.६ मीटर, म्हणजेच ५५८ किलोहर्ट्झ" असे शब्द मुंबई केंद्रावर वर्षानुवर्षे ऐकू येत. पुणे केंद्राचे आकडे ३७८.८ मीटर आणि ७९२ किलोहर्ट्झ असे होते. या दोन आकड्यांचा संबंध सोपा आहे. रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर जाते. ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. दोन्ही उदाहरणे स्वतः करून पाहा.

आता ५५८ आणि ७९२ यांना ९ ने भागा. बाकी शून्य उरते. हा योगायोग नाही. रात्री केंद्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून १९७५ मध्ये जिनिव्हा येथे अनेक देशांनी करार केला. त्यानुसार नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिका खंडांत मध्यम लहरींची केंद्रे ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवण्यात आली. अमेरिकेत हे अंतर १० किलोहर्ट्झ असते.

जाळ्यातील उणीव

येथपर्यंत आपण आवाज सर्वांपर्यंत कसा पोचतो ते पाहिले. पण ऐकणाऱ्याने काही विचारायचे झाले तर? तारा आणि लहरी सगळ्या केंद्राकडून श्रोत्याकडे जाणाऱ्या. उलट दिशेने काहीच येत नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत 'कोलंबिया' जाळ्यावर ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून एक नाटक सादर केले. मंगळावरच्या प्राण्यांनी पृथ्वीवर हल्ला केल्याची कथा त्यांनी बातमीपत्राच्या रूपात सांगितली. उशिरा रेडिओ लावलेल्या काही श्रोत्यांना ते खरे वाटले आणि ते घाबरले. या घबराटीची वर्णने वर्तमानपत्रांनी फुगवून छापली, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण मूळ मुद्दा राहतोच. ज्याला शंका आली, त्याला रेडिओला उलट प्रश्न विचारता येत नव्हता.

शेतीच्या कार्यक्रमात ही उणीव अधिक जाचते. निवेदक म्हणतो, अमुक खत घाला. शेतकऱ्याच्या मनात येते, माझी जमीन हलकी आहे, मला पाणी आठ दिवसांनी मिळते, मग मी काय करू? उत्तर मिळाले नाही, तर ऐकलेले तेथेच विरते.

पुणे केंद्र आणि दीडशे खेडी

यावर कॅनडाने एक तोड काढली होती. १९४१ मध्ये तेथील राष्ट्रीय रेडिओ जाळ्यावर शेतकऱ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. शेजारपाजारचे शेतकरी एका घरी जमून तो ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपली मते टपालाने कळवत. "वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा" हे त्यांचे घोषवाक्य होते.

हीच कल्पना भारतात प्रथम पारखून पाहिली गेली ती आपल्या महाराष्ट्रात. १९५६ च्या सुरुवातीच्या महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने हा प्रयोग केला. त्यासाठी पाच जिल्हे निवडले होते : पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि त्या वेळचा उत्तर सातारा. सुमारे दीडशे खेड्यांत मंडळे स्थापन झाली. एकेका मंडळात वीसेक सभासद, एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे दहा आठवड्यांत २० कार्यक्रम झाले. सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर बोलत. चिटणीस चर्चेचा अहवाल व प्रश्न पुण्याला पाठवी. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळत.

रेडिओ लहर सेकंदाच्या हजाराव्या भागात गावात पोचे. गावाचे उत्तर टपालाच्या थैलीतून दोन-चार दिवसांनी पुण्याला जाई. परतीची वाट मंद होती, पण ती होती हे महत्त्वाचे.

प्रयोग म्हणूनही तो नमुनेदार होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले आणि पॉल न्यूरथ हे समाजशास्त्रज्ञ त्या कामाचे प्रमुख होते. त्यांनी मंडळ असलेल्या खेड्यांबरोबर तुलनेसाठी मंडळ नसलेली खेडीही घेतली. त्यांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून त्यांना काय माहीत आहे ते तपासले गेले. तुम्ही शाळेत दोन कुंड्यांपैकी एकीला पाणी घालता आणि एकीला घालत नाही, तसाच हा प्रकार.

निष्कर्ष स्पष्ट निघाला. मंडळे असलेल्या खेड्यांत लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली. मंडळे नसलेल्या खेड्यांत, तेथे रेडिओ असला तरी, फारसा फरक पडला नाही. पेटी तीच, लहर तीच, आवाजही तोच. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्यामुळे आणि प्रश्न परत पाठवता येण्यामुळे. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे मंडळांचा जोर ओसरला, पण पाच जिल्ह्यांतील खेडुतांनी सिद्ध करून दिलेली गोष्ट खोटी ठरलेली नाही.

जाळे आज

१९८३ मध्ये इन्सॅट-१ ब हा उपग्रह अवकाशात गेला आणि लघुलहरींची खरखर हळूहळू मागे पडली. केंद्रे उपग्रहाद्वारे जोडली गेली. अलीकडच्या वर्षांत मध्यम लहरींचे कित्येक प्रक्षेपक बंद झाले असून एफ. एम. केंद्रे वाढली आहेत. एफ. एम.च्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. त्यांचा पल्ला लहान, म्हणून केंद्रे अधिक लागतात आणि जाळ्याची गरज उलट वाढते.

लासलगावचा भाव आता मोबाइलवर काही क्षणांत कळतो. मोबाइलचे जाळे दोन्ही दिशांनी चालते, म्हणजे परतीची वाटही विजेच्या वेगाने धावते. तरीसुद्धा १९५६ चा धडा लागू आहे. आलेला आकडा कोणत्या प्रतीच्या कांद्याचा, सरासरीचा की सर्वांत चढा, हे कोणी विचारले नाही, तर नुसता आकडा पोचून शेतकऱ्याचा निर्णय सुधारत नाही. शिक्षकांनी वर्गात एखादा कार्यक्रम मिळून ऐकवावा, दहा मिनिटे चर्चा घ्यावी आणि उरलेले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत. प्रयोग जुना आहे, पण आजही करण्याजोगा आहे.

करून पाहा

१. मध्यम लहरींचा पट्टा असलेला जुना ट्रान्झिस्टर मिळवा. दुपारी १२, सायंकाळी ६ आणि रात्री ९ वाजता काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून किती केंद्रे लागतात ते मोजा. आठ दिवस तक्ता ठेवा. जवळ मोबाइलचा चार्जर किंवा एल. ई. डी. दिवा चालू असेल तर तो बंद करा.

२. एखादे केंद्र लावून ट्रान्झिस्टर आडवा ठेवूनच हळूहळू गोल फिरवा. एका स्थितीत आवाज सर्वांत क्षीण होईल. त्या वेळी आतील फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेच्या रेषेत असते. नकाशा घेऊन पडताळा पाहा.

३. मुंबईच्या एका सभागृहात शेवटच्या रांगेतील श्रोता गायकापासून ३० मीटरवर बसला आहे. तेच गाणे मुंबई केंद्रावरून थेट प्रक्षेपित होत असून लासलगावचा श्रोता रेडिओपासून १ मीटरवर बसला आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. सूर आधी कोणाला ऐकू येईल? तेच गाणे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत आले तर?

उत्तर : सभागृहातील श्रोत्याला सुमारे ०.०८८ सेकंद लागतात. लासलगावच्या श्रोत्याला लहरीसाठी ०.०००६ आणि शेवटच्या एका मीटरसाठी ०.००३, मिळून सुमारे ०.००४ सेकंद लागतात. म्हणून सूर आधी लासलगावला ऐकू येतो. उपग्रहामार्फत जाण्यायेण्याचे अंतर ७२,००० किलोमीटर होते आणि त्याला ०.२४ सेकंद लागतात. तेव्हा मात्र सभागृहातला श्रोता जिंकतो.